टीव्हीला लॅपटॉप जोडावा की स्टिक घ्यावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात टीव्ही आहे, वायफाय आहे, एक लॅपटॉप कपाटात पडून आहे. मग वेगळी स्टिक कशाला, असा प्रश्न पडतोच. खालच्या उत्तरांत ‘स्टिक’ म्हणजे टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टमध्ये बसणारं फायर टीव्ही किंवा गूगल टीव्हीचं छोटं उपकरण. तेच काम करणारी डबी असेल तर तिला ‘बॉक्स’ म्हटलं आहे.

लॅपटॉप असताना स्टिक घ्यायची खरंच गरज आहे का?

टीव्ही एकटी व्यक्ती बघत असेल, हातात माउस धरायला हरकत नसेल आणि स्वतःच्या फाइलीच जास्त बघायच्या असतील, तर नाही. संध्याकाळी अख्खं घर मालिका लावून बसत असेल, तर आहे. आणि ही गरज फक्त सोयीची नाही. बहुतेक ॲपवर स्टिकवर दिसणारं चित्र लॅपटॉपच्या चित्रापेक्षा सरस असतं. हे ऐकून लोक चकित होतात, म्हणून पुढचं उत्तर सविस्तर दिलं आहे.

माझा लॅपटॉप पन्नास हजारांचा, स्टिक पाच हजारांची. तरी लॅपटॉपवर चित्र धूसर का?

कारण चित्राचा दर्जा लॅपटॉपची ताकद ठरवत नाही, मालिका-सिनेमांचे हक्क असणाऱ्यांच्या अटी ठरवतात. चित्र कुलूपबंद होऊन तुमच्या घरी येतं आणि कुलूप तुमच्या उपकरणात उघडतं. गूगलच्या कुलपाचं नाव वाइडवाइन. त्याची वरची पातळी एल-१. तिच्यात कुलूप चिपच्या आतल्या राखीव, सुरक्षित भागात उघडतं, बाहेरच्या कुठल्याही प्रोग्रामला ते चित्र पकडता येत नाही. खालची पातळी एल-३. तिच्यात सगळं काम सॉफ्टवेअरमध्ये होतं, म्हणून कंपन्या तिथे पूर्ण दर्जा पाठवत नाहीत. नावाजलेल्या कंपन्यांच्या स्टिकमध्ये एल-१ असतं. कॉम्प्युटरवरच्या क्रोम आणि फायरफॉक्समध्ये सहसा एल-३. लिनक्सवर तर दर्जा आणखी खाली येतो.

नेटफ्लिक्सचं उदाहरण घ्या. विंडोजवर ४के हवं असेल तर क्रोम सोडून एज ब्राउझर लागतो. इंटेलचा सातव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर, अथवा एएमडी रायझन लागतो. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलं एचईव्हीसी एक्स्टेन्शन (आवळलेलं ४के चित्र उलगडणारं) लागतं, पडदा ४के आणि ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा लागतो, आणि जोडणी एचडीसीपी २.२ (केबलवरून जाणाऱ्या चित्राची चोरी रोखणारी सुरक्षा) मान्य करणारी लागते. मॅकवर सफारी लागतो, बिग सर किंवा पुढची प्रणाली लागते आणि मॅकमध्ये टी-२ चिप किंवा ॲपलचा स्वतःचा प्रोसेसर लागतो. यातली एकही गोष्ट कमी असली तरी चित्र चालू होतं, पण खालच्या दर्जाचं. कुठलीही सूचना येत नाही, त्यामुळे लोक इंटरनेटला दोष देत बसतात.

प्रत्यक्ष काय येतंय ते तपासता येतं. ब्राउझरमध्ये नेटफ्लिक्स चालू असताना कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि डी ही बटणं एकत्र दाबा. पडद्यावर माहितीचा चौकोन येतो, त्यात लांबी-रुंदीचे आकडे बघा. १९२० बाय १०८० म्हणजे फुल एचडी, ३८४० बाय २१६० म्हणजे ४के. सुरुवातीचं अर्धं मिनिट आकडे चढत असतात, त्यामुळे थोडं थांबून वाचा.

एचडीएमआय केबल लावली. आवाज येतो, पण पडदा काळाच.

हे जवळजवळ नेहमी एचडीसीपीमुळे होतं. लॅपटॉप आणि टीव्ही आधी एकमेकांची ओळख पटवून घेतात. ती पटली नाही तर सुरक्षित चित्र पाठवलंच जात नाही. मधे स्वस्त स्प्लिटर, जुना एव्ही रिसीव्हर किंवा साधा यूएसबी-सी अडॅप्टर असेल तर तो काढून केबल थेट लावून बघा. टीव्हीचा पोर्टही बदलून बघा. बऱ्याच टीव्हींत सगळे पोर्ट सारखे नसतात, एखाद्यालाच एचडीसीपी २.२ असतं आणि तसं त्याच्या शेजारी छापलेलं असतं. दोन पडदे एकदम चालू असतील तर विंडोज आणि पी ही बटणं दाबून फक्त दुसरा पडदा ठेवा.

व्हीजीए केबलने जोडलेल्या जुन्या मॉनिटरला एचडीसीपी माहीतच नाही. तिथे सशुल्क ॲपचं चित्र एक तर येत नाही, नाही तर अगदी कमी दर्जाचं येतं. ते दुरुस्त होण्यासारखं नाही.

लॅपटॉपच जोडायचा आहे. नीट कसा जोडू?

४के टीव्हीसाठी १८ गिगाबिटची केबल घ्या. तिच्या खोक्यावर ‘प्रीमियम हाय स्पीड’ लिहिलेलं असतं. लॅपटॉपचा पोर्ट जुना, एचडीएमआय १.४ चा असेल, तर ४के फक्त ३० हर्ट्झवर मिळेल. माउसचा बाणसुद्धा रेंगाळताना दिसेल. अशा वेळी पडदा १०८० वर आणून ६० हर्ट्झ ठेवलेला बरा.

केबल लावली की चार गोष्टी करा. विंडोजच्या ध्वनी सेटिंगमध्ये आउटपुट म्हणून टीव्ही निवडा, नाही तर आवाज लॅपटॉपमधूनच येत राहतो. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर लॅपटॉपमध्ये काही बदलू नका. टीव्हीच्या चित्र-आकाराच्या यादीत ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ असा पर्याय असतो, तो लावा. अक्षरं फाटल्यासारखी दिसत असतील तर त्या इनपुटला टीव्हीत ‘पीसी’ असं नाव द्या. अनेक टीव्ही हे नाव दिल्यावर रंगांची काटछाट थांबवतात. शेवटी पॉवर ऑप्शनमध्ये जाऊन झाकण बंद केल्यावर काहीही होऊ नये असं ठरवा. मात्र झाकण लावलेल्या लॅपटॉपची गरम हवा बाहेर जायला वाट हवी. गादीवर किंवा शोकेसच्या बंद कप्प्यात ठेवलात तर तासाभरात प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो आणि चित्र अडखळायला लागतं.

क्रिकेट बघताना खालची धावफलकाची पट्टी झटके देत सरकते. इंटरनेट तर उत्तम आहे.

इंटरनेटचा इथे संबंध नाही. भारतातलं टीव्ही प्रक्षेपण सेकंदाला २५ किंवा ५० चित्रांचं असतं. लॅपटॉप टीव्हीला सेकंदाला ६० चित्रं पाठवतो. ५० ची ६० करायची तर दर पाचवं चित्र दोनदा दाखवावं लागतं. डोळ्याला तोच झटका जाणवतो, आणि तो सगळ्यात जास्त सरळ रेषेत सरकणाऱ्या गोष्टींत दिसतो: पट्टी, सीमारेषेकडे धावणारा चेंडू, मैदानावरून फिरणारा कॅमेरा. सिनेमे २४ चित्रांचे, म्हणून तिथे एक चित्र तीनदा, पुढचं दोनदा असा लंगडा ठेका पडतो.

उपाय सोपा आहे आणि फारसा कुणाला माहीत नाही. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले असं जा आणि टीव्ही निवडून रिफ्रेश रेट ५० हर्ट्झ करा. भारतात विकले जाणारे टीव्ही ५० हर्ट्झ स्वीकारतात. सामना संपला की परत ६० करा, सिनेमासाठी २४ उपलब्ध असेल तर तो. दरवेळी हे हाताने करावं लागतं, हीच कॉम्प्युटरची अडचण. फायर टीव्हीवर डिस्प्ले अँड साउंड्समध्ये ‘मॅच ओरिजिनल फ्रेम रेट’ एकदा चालू करायचं. ॲपल टीव्हीवर व्हिडिओ अँड ऑडिओ, मॅच कंटेंट, मग मॅच फ्रेम रेट. ॲप साथ देत असेल तर पुढे स्टिक किंवा बॉक्स स्वतःच बदल करतो. बदल होताना पडदा एक-दोन सेकंद काळा होतो, तो बिघाड नाही.

शेजारी ओरडतात तेव्हा आमच्याकडे गोलंदाज अजून रनअपवर असतो. स्टिक बदलून फरक पडेल का?

नाही. ऑनलाइन चित्र छोटे-छोटे तुकडे करून पाठवलं जातं आणि उपकरण काही तुकडे साठवूनच दाखवायला लागतं. अर्धं मिनिट किंवा त्याहून जास्त उशीर त्यातून येतो. डिश किंवा केबल कायम पुढेच राहणार.

स्टिक टीव्हीच्याच यूएसबी पोर्टवर चालते. मग सोबतचा अडॅप्टर कशाला लावायचा?

साधा यूएसबी २.० पोर्ट ५ व्होल्टला ०.५ अँपिअर देतो, म्हणजे अडीच वॅट. फायर टीव्ही स्टिकचा अडॅप्टर ५ वॅटचा असतो. मेनू बघताना अडीच वॅट पुरतात, पण सिनेमा चालू झाला, वायफाय जोरात चालू झालं की कमी पडतात. मग स्टिक मधेच बंद होते, लोगो दाखवून परत सुरू होते, कधी अपडेटच्या मध्यावर वीज कमी पडून अडकून बसते. टीव्ही बंद केला की पोर्टही बंद, म्हणजे दरवेळी पहिल्यापासून सुरुवात. सोबतचा अडॅप्टर वापरा. तो हरवला असेल तर मोबाइलचा १ अँपिअर किंवा जास्तीचा कुठलाही चांगला चार्जर चालेल. स्टिक बिघडली म्हणून बदलायला निघालेल्यांनी आधी हे करून बघावं.

खोक्यात एचडीएमआयची वीतभर केबल येते, तीही फेकू नका. स्टिक थेट टीव्हीच्या पाठीला चिकटली की तापते आणि टीव्हीच्या धातूच्या पत्र्यामुळे वायफाय कमी पकडते. त्या केबलने ती बाहेर लोंबती ठेवली की दोन्ही त्रास कमी होतात.

किती वेग लागतो? १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे, तरी चाक फिरतं.

नेटफ्लिक्सच्या सांगण्यानुसार ७२० दर्जाला ३ एमबीपीएस, फुल एचडीला ५ आणि ४के ला १५ पुरतात. म्हणजे १०० चा प्लॅन भरपूर झाला. अडतं ते राउटर आणि टीव्हीच्या मधल्या भिंतींत. वेग मोबाइलवर सोफ्यात बसून मोजू नका. स्टिकवरच्या ब्राउझरने, स्टिक असते त्या जागी मोजा.

२.४ गिगाहर्ट्झचं वायफाय भिंती ओलांडतं, पण सोसायटीत वीस-पंचवीस राउटर एकमेकांत न मिसळणाऱ्या त्याच तीन चॅनेलवर कोंडलेले असतात. ५ गिगाहर्ट्झला गर्दी कमी, पण दोन भिंती पार करताना ते दमतं. राउटर हॉलमध्ये असेल तर स्टिकला ५ गिगाहर्ट्झच द्या. राउटर आतल्या खोलीत असेल किंवा भिंती जुन्या, दगडी असतील तर तार ओढा. फायर टीव्हीसाठी इथरनेट अडॅप्टर मिळतो. तो १०० एमबीपीएसपर्यंतच जातो, पण ४के ला तेवढं पुष्कळ आहे. या एका बाबतीत लॅपटॉप पुढे आहे: बऱ्याच लॅपटॉपना लॅनचा पोर्ट मुळातच असतो आणि त्यांचा वायफाय अँटेना स्टिकपेक्षा मोठा असतो.

डेटा किती जातो?

नेटफ्लिक्सचे आकडे धरले तर तासाला साध्या दर्जाला सुमारे १ जीबी, एचडीला ३ जीबीपर्यंत, ४के ला ७ जीबीपर्यंत. अनेक फायबर प्लॅनना महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते. ती ४के ने गाठायची तर ४७० तास लागतील, म्हणजे काळजी नको. १००० जीबीच्या मर्यादेचं एअरफायबर असेल तर १४० तासांत ती संपते, म्हणजे रोज साडेचार तास झाले. मोबाइल हॉटस्पॉटवर चालवणार असाल तर ॲपमध्ये दर्जा खाली आणा. रोजचा दीड-दोन जीबी एका एपिसोडमध्ये उडतो.

बाजारात दीड-दोन हजारांत ‘सगळं फुकट’ दाखवणारा अँड्रॉइड बॉक्स मिळतो. घ्यावा का?

घेऊ नये. या एका प्रश्नाचं उत्तर आम्ही ठामपणे देतो.

पहिलं कारण कामाचं. अशा बॉक्सना गूगलचं प्रमाणपत्र नसतं आणि वाइडवाइन बहुधा एल-३ असतं. खोक्यावर ‘८के’ छापलेलं असलं तरी सशुल्क ॲप त्याला ४८० दर्जाचं चित्र देतात. काही ॲप उघडतच नाहीत. दुसरं कारण गंभीर आहे. जानेवारी २०२३ मध्ये टी-९५ नावाच्या स्वस्त बॉक्सच्या आत कारखान्यातूनच घुसवलेलं घातक सॉफ्टवेअर सापडलं. त्याच वर्षी अशा उपकरणांच्या जाळ्याला बॅडबॉक्स हे नाव मिळालं. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने बॅडबॉक्स २.० बद्दल जाहीर इशारा दिला. असा बॉक्स तुमच्या नकळत तुमचं इंटरनेट दुसऱ्यांना वापरायला देतो. कुणी त्यावरून गुन्हा केला तर पत्ता तुमच्या घराचा दिसतो. आणि ज्या वायफायवर तो बसलेला असतो, त्याच वायफायवर तुमचे बँकेचे व्यवहार चालतात.

बॉक्स घरात आधीच असेल तर प्ले स्टोअर उघडून सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ बघा. ‘डिव्हाइस इज सर्टिफाइड’ असं दिसलं नाही तर तो वायफायवरून काढून टाका. फॅक्टरी रीसेट करून उपयोग नाही, घाण मूळ प्रणालीतच असते.

मोबाइलवर ॲप चालतं, टीव्हीवर ‘प्लॅन अपग्रेड करा’ म्हणतं.

तुमचा प्लॅन फक्त मोबाइलचा आहे. नेटफ्लिक्सच्या मोबाइल प्लॅनवर फोन आणि टॅबलेटच चालतात, टीव्ही नाही आणि कॉम्प्युटरही नाही. रिचार्जसोबत ‘फुकट’ मिळणारी इतर ॲपची वर्गणीही पुष्कळदा अशीच असते. टीव्ही घेण्याआधी वर्गणीचा तपशील वाचा. तसंच नेटफ्लिक्सचं ४के फक्त सगळ्यात वरच्या प्लॅनमध्ये असतं. खालच्या प्लॅनवर कितीही भारी बॉक्स आणला तरी ते येणार नाही.

मराठी वाहिन्यांसाठी कुठली ॲप लागतील?

झी मराठीसाठी झी फाइव्ह, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीसाठी जिओहॉटस्टार, सोनी मराठीसाठी सोनी लिव्ह. जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार एक होऊन १४ फेब्रुवारी २०२५ ला जिओहॉटस्टार झालं, त्यामुळे जुनी दोन ॲप शोधू नका. दूरदर्शनच्या वाहिन्यांसाठी प्रसार भारतीचं वेव्हज आहे. ते नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातल्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात सुरू झालं.

स्टिक घेण्याआधी तुमची ॲप तिच्या स्टोअरमध्ये आहेत का ते बघा. २०२५ मध्ये आलेली फायर टीव्ही स्टिक ४के सिलेक्ट ॲमेझॉनच्या व्हेगा या नव्या प्रणालीवर चालते. तिच्यावर बाहेरून आणलेल्या अँड्रॉइडच्या एपीके फाइल बसत नाहीत. एखादं छोटं मराठी ॲप एपीकेनेच टाकायची सवय असेल तर हे महत्त्वाचं आहे. कॉम्प्युटरवर ही अडचण कमी, ज्याची वेबसाइट आहे ते ब्राउझरमध्ये उघडतं.

आई-बाबांसाठी काय घ्यावं?

स्टिक, आणि सोबत थोडी तयारी. टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी चालू करा. वेगवेगळ्या कंपन्या त्याला वेगवेगळी नावं देतात: सॅमसंग ॲनीनेट, एलजी सिम्पलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. ते चालू झालं की स्टिकच्या रिमोटने टीव्ही आणि योग्य इनपुट दोन्ही लागतात. ‘सोर्स’ बटण दाबून हरवण्याचा प्रसंग टळतो. लागणारी चार ॲप पहिल्या ओळीत आणा, बाकीची काढून टाका. खरेदीला पिन लावा. अलेक्साला भारतात इंग्रजीसोबत हिंदी कळतं, म्हणून भाषा हिंदी ठेवली तर मालिकेचं नाव बोलून शोधणं बऱ्याच जणांना सोपं जातं. आणि एएए सेलची एक जोडी रिमोटजवळच ठेवा. ‘टीव्ही बिघडला’ असे फोन पुष्कळदा सेल संपल्याचे असतात.

रिमोट अजिबात दाद देत नसेल तर होम बटण दहा सेकंद दाबून धरायला सांगा, तो परत जोडला जातो.

वर्षभरात स्टिक मंद झाली.

साध्या स्टिकमध्ये ८ जीबी जागा असते आणि त्यातली बरीच प्रणालीच खाते. ॲप आपापला कॅश, म्हणजे तात्पुरत्या फाइली, साठवत जातात. सेटिंग्ज, ॲप्लिकेशन्स, मॅनेज इन्स्टॉल्ड ॲप्लिकेशन्स असं जाऊन जड ॲपचा कॅश पुसा. ‘क्लिअर डेटा’ दाबलंत तर लॉगिनही जाईल, म्हणून फक्त ‘क्लिअर कॅश’. नंतर मधलं गोल बटण आणि प्ले-पॉज एकत्र पाच सेकंद धरून स्टिक रीस्टार्ट करा. नवी घेताना १६ जीबीची मिळत असेल तर थोडे पैसे जास्त गेले तरी तीच घ्या.

जुना डेस्कटॉप टीव्हीमागे कायम लावून ठेवला तर?

विजेचा हिशोब आधी करा. रोज पाच तास म्हणजे महिन्याला १५० तास. स्टिक ४ वॅट धरली तर महिन्याला ०.६ युनिट. १०० वॅटचा डेस्कटॉप १५ युनिट. आपल्या बिलातल्या दराने गुणून बघा. शिवाय फार जुन्या प्रोसेसरला यूट्यूबचं व्हीपी-९ आणि एव्ही-१ या पद्धतींनी आवळलेलं चित्र हार्डवेअरमध्ये उलगडता येत नाही. इंटेलमध्ये एव्ही-१ अकराव्या पिढीपासून आलं. मग सगळा भार प्रोसेसरवर पडतो, पंखा घोंघावतो आणि चित्र अडखळतं. एच-२६४ या जुन्या पद्धतीची सक्ती करणारं ब्राउझरचं एक्स्टेन्शन लावून १०८० पर्यंत निभावता येतं. विंडोज १० चा सर्वसाधारण सुरक्षा-पाठिंबाही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पासवर्ड आणि कार्डाचे तपशील असलेलं असं यंत्र कायम नेटवर ठेवणं बरं नाही.

मग कॉम्प्युटर कशासाठी चांगला?

हार्ड डिस्कवरच्या लग्नाच्या चित्रफिती, वेगळ्या सबटायटल फाइली, मोठ्या पडद्यावर ऑनलाइन वर्ग, टीव्ही ॲप नसलेल्या नाट्यसंस्थेच्या वेबसाइटवरचा प्रयोग. या सगळ्यात त्याला तोड नाही. त्यासाठी तो कायम जोडलेला असण्याची गरज नाही. स्टिक एका पोर्टमध्ये, लांब एचडीएमआय केबल दुसऱ्या पोर्टमध्ये ठेवा आणि लागेल तेव्हा लॅपटॉप लावा.

क्रोमचा टॅब वायरशिवाय कास्ट करणं मात्र टाळा. लॅपटॉपला चालू चित्र पुन्हा आवळून वायफायवरून पाठवावं लागतं, त्यात दर्जा जातो, आणि सशुल्क ॲप तिथे काळा पडदा दाखवू शकतात. फोनमधल्या ॲपमधलं कास्टचं चिन्ह वेगळं आहे. तिथे फोन फक्त काय लावायचं ते सांगतो, चित्र टीव्हीकडे थेट येतं.

भारतातली स्टिक परदेशातल्या मुलांकडे नेली तर चालेल?

यंत्र चालेल. वीज ५ व्होल्टची यूएसबी असते, फक्त तिथल्या सॉकेटला बसणारा चार्जर लागतो. अडतं ते ॲपचं. कुठलं ॲप आणि कुठला कार्यक्रम दिसेल हे खात्याचा देश आणि इंटरनेटचा पत्ता यांवर ठरतं. क्रिकेटचे हक्क तर प्रत्येक देशात वेगळे विकलेले असतात. तिथल्याच खात्यावर तिथलीच वर्गणी घ्या. गूगल प्लेचा देश वर्षातून एकदाच बदलता येतो, म्हणून महिनाभराच्या मुक्कामासाठी तो बदलू नका, नाही तर परत आल्यावर इथली ॲप मिळणार नाहीत.